आक्षीचा ग्रेट नॉट: वार नको, तिथी बघा

हिवाळ्यात कधीतरी मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो येतो. ओली वाळू, दहा-बारा करडे पक्षी आणि त्यातल्या एकाभोवती लाल वर्तुळ. खाली लिहिलेलं असतं, ‘ग्रेट नॉट, आक्षी, रविवार सकाळ’. ग्रेट नॉट हा आपल्याकडे थोडाच दिसणारा स्थलांतरित किनारपक्षी, आणि आक्षी हे अलिबागजवळचं किनाऱ्यावरचं गाव. पुढच्या रविवारी चार-पाच गाड्या अलिबागकडे निघतात, बरोब्बर त्याच वेळी किनाऱ्यावर पोचतात, सँडप्लव्हर आणि कुरव (गल) असे नेहमीचे पक्षी बघून परततात आणि ‘पक्षी गेला’ म्हणून कळवतात. पक्षी बहुधा तिथेच असतो. त्या वेळी ओहोटी असते, एवढंच.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हे अंतर जवळजवळ सहा तासांवर जातं, म्हणजे गेल्या रविवारी सकाळी नऊला जिथे भरती होती, तिथे या रविवारी नऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी असते. थवा किनाऱ्याला चिकटून उभा राहण्याऐवजी दूरवर, खाडीच्या मुखाशी उघड्या पडलेल्या वाळूवर आणि चिखलावर पांगलेला असतो. सुट्टी रविवारीच मिळते हे खरं, म्हणून एक रविवार सोडून पुढचा धरावा. चौदा दिवसांनी पाणी पुन्हा जवळपास त्याच वेळेला त्याच जागी येतं.

कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरूनच करतात. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या सुमारास असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नक्की वेळ आणि पाण्याची उंची भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. पण कॅलेंडरकडे एक नजर टाकून कुठला शनिवार-रविवार कामाचा आहे हे ठरवायला हा ठोकताळा पुरतो.

आक्षीसाठी माझी पसंती द्वादशी-त्रयोदशीला. कारण सांगतो. किनारपक्षी बघायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास. पाणी चढत जातं तसा चिखल बुडतो, पक्ष्यांना मागे सरकावं लागतं आणि पांगलेला थवा पुळणीच्या एका पट्ट्यात गोळा होतो. पावणेदहाची भरती असेल तर हा काळ सव्वासात ते साडेनऊ असा येतो. ऊन कोवळं, हवा थंड, वाळूवर माणसं कमी. पौर्णिमेला पाणी आणखी वर येतं, पण तेव्हा हाच काळ साडेनऊ ते साडेअकरा होतो. तोवर वाळू तापून हवा थरथरायला लागते आणि साठ मीटरवरच्या पक्ष्याची चोचसुद्धा नीट दिसत नाही. अष्टमी-नवमीला वेळ सकाळची येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती. मुंबईला उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची, सरासरी भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते, भांगाची सव्वातीनवर थांबते. तेवढ्या पाण्याने बराचसा चिखल बुडतच नाही आणि थवा लांब राहतो.

आता जागेबद्दल. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की खाडीवरचा पूल ओलांडल्यावर आक्षी. मागे सुरूचं बन, पुढे सपाट, घट्ट वाळूचा किनारा आणि उत्तरेला साखर-आक्षी खाडीचं मुख. थवा बसतो तो मुख्यतः या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यांवर. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतो. करड्या पक्ष्यांमधून वेगळा करडा पक्षी शोधायचा असेल तर याहून मोठी सोय नाही. मुंबईहून पहाटे निघून पेण-वडखळमार्गे सूर्योदयाला पोचणं अवघड. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. मांडव्याची सकाळची बोट धरली तरी उतरून आक्षीला पोचेपर्यंत निम्मी भरती हातची जाते.

उजेडाचा हा नियम ठाणे खाडीलाही लागू पडतो आणि तिथे तो फार लोक विसरतात. शिवडी, भांडुप ही खाडीच्या पश्चिम काठावरची ठिकाणं. तिथून बघायचं ते पूर्वेला, म्हणजे सकाळी थेट सूर्यात. सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. तिथे दुपारनंतरची भरती साधावी. सकाळ मोकळी असेल तर ऐरोली, वाशी, नेरूळचा काठ धरा. नेरूळच्या पाणथळींचा आणखी एक उपयोग असा, की खाडी भरली की पक्षी उडून या उथळ तळ्यांमध्ये येऊन उभे राहतात. भरतीच्या दोन तासांपुरती ती त्यांची बसायची जागा असते. म्हणूनच अशा तळ्यात येणारा पाण्याचा मार्ग बुजणं ही लहान गोष्ट नाही. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडलं तेव्हा पाणी आटलं, शेवाळ धरलं आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथून उठले. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला आहे. पण पक्ष्यांना अभयारण्याच्या हद्दीबाहेरची ही तळीही तितकीच लागतात, आणि त्यांच्यासाठी बोलत राहायला हवं.

बातमी आली की निघण्याआधी तिची चौकशी करा. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोला पुष्कळदा तारीखच नसते. विचारायचे प्रश्न चार: कुठल्या दिवशी, किती वाजता, किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला आणि कुठल्या पक्ष्यांच्या सोबत. चौथं उत्तर सगळ्यात कामाचं. ‘गॉडविटच्या (लांब चोचीच्या एका किनारपक्ष्याच्या) थव्यात होता’ एवढं कळलं तरी निम्मा शोध संपतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर राज्यासाठी दुर्मीळ पक्ष्यांच्या सूचना सुरू करता येतात. त्यात नोंद तपासून झाली आहे की नाही हेही दिसतं. मात्र नकाशावरची खूण बहुधा हॉटस्पॉटची, म्हणजे सगळ्यांच्या नोंदींसाठीच्या सामाईक ठिकाणाची असते, पक्षी उभा होता त्या जागेची नव्हे. आक्षीसारख्या लांबलचक किनाऱ्यावर या दोन्हींत किलोमीटरभर अंतर सहज असू शकतं. नोंदीची वेळ घ्या, त्या दिवसाच्या तक्त्यात त्या वेळी पाणी किती मीटरवर होतं आणि चढत होतं की उतरत होतं ते बघा, आणि तुमच्या दिवशी तीच स्थिती किती वाजता येते ते काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यश बरंचसं इथेच ठरतं.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ चालते, पण या कामाला स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण, हवाच. ६५ ते ८० मिलिमीटरचं भिंग आणि २० ते ६० पट आयपीस. सुरुवात पंचवीस-तीस पटीने करा. साठ पट फक्त थंड हवेत उपयोगी पडते, एरवी ती थरथरच मोठी करून दाखवते. ट्रायपॉड पूर्ण उंच करू नका. पाय आखूड ठेवून बसूनच बघा. वारा लागत नाही आणि उघड्या पुळणीवर माणसाची उभी आकृती पक्ष्यांना जितकी खटकते तितकं दुसरं काहीच खटकत नाही. परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पिळून घट्ट करायच्या सांध्यांमधली वाळू. नाहीतर महिन्याभरात ते सांधे अडकतात.

किनाऱ्यावर पोचलात की लगेच थव्याकडे चालत सुटू नका. सुरूच्या कडेला थांबून एकदा पूर्ण किनारा नजरेखालून घाला. मोठा थवा कुठे आहे, कुत्री कुठे आहेत, पाणी कुठल्या बाजूने शिरतंय. मग थव्याला समांतर, थोडं थांबत, थोडं चालत साठ-सत्तर मीटरपर्यंत जा आणि तिथे बैठक मारा. त्यापुढे सरकण्याचं काम पाण्याला करू द्या. ते पक्ष्यांना तुमच्याकडे आणतं. पक्षी माना ताठ करून एकाच दिशेला तोंडं करून चालायला लागले की तुम्ही जास्तच जवळ आला आहात. मागे सरका.

थवा वाचायचा तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्रमाने. कोरड्या वाळूवर लहान पक्षी: सँडप्लव्हर, म्हणजे आपले वाळूतले चिखल्या, आणि लाटेबरोबर धावणारे सँडरलिंग. ओल्या कडेला मध्यम आकाराचे तुतवार (सँडपायपर). पाण्यात पाय बुडवून गॉडविट आणि बाकदार चोचीचे कोरल (कर्ल्यू). ग्रेट नॉट आणि रेड नॉट बहुधा यातल्या शेवटच्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर, गॉडविट किंवा ग्रे प्लव्हरच्या सोबतीला असतात. काळा-पांढरा, लालबुंद चोचीचा कालवफोड्या आला असेल तर तो नुसत्या डोळ्यांनीही सापडतो, त्याला वेगळं शोधावं लागत नाही. लेसर सँडप्लव्हर आता दोन जातींत विभागला गेला आहे. आपल्याकडे येणारा तो तिबेटी. ग्रेटर सँडप्लव्हर त्याच्याहून मोठा, पाय लांब आणि फिकट हिरवट, चोच जाड आणि लांब. हे दोघं शेजारी उभे असतील तेव्हाच डोळा तयार करून घ्यावा.

ग्रेट नॉटला जरा वेळ देऊ. सव्वीस-अठ्ठावीस सेंटिमीटरचा हा पक्षी ग्रे प्लव्हरपेक्षा किंचित लहान, कर्ल्यू सँडपायपरपेक्षा स्पष्ट मोठा. चोच डोक्याच्या लांबीपेक्षा लांब, बुडाशी जाड आणि टोकाला जेमतेम खाली कललेली. अंगाच्या मानाने डोकं लहान वाटतं. हिवाळ्यातही छातीवर गडद ठिपक्यांची दाटी असते आणि काही ठिपके कुशीपर्यंत उतरतात. रेड नॉट तेवीस-पंचवीस सेंटिमीटर, चोच डोक्याइतकीच किंवा आखूड आणि सरळ. एकूण रूप गुळगुळीत करडं, डोळ्यावरची फिकट भुवई जास्त उठून दिसणारी. उडताना बघा: ग्रेट नॉटची शेपटीच्या वरची बाजू जवळजवळ पांढरी दिसते, रेड नॉटची तिथे बारीक रेघांमुळे करडी. कर्ल्यू सँडपायपरची कंबर तर स्वच्छ पांढरी असते, पण त्याची चोच सडपातळ आणि पूर्ण बाकदार, आणि तो आकाराने बराच छोटा. मार्चअखेरपासून काम सोपं होतं. ग्रेट नॉटच्या छातीवर काळा पट्टा भरत येतो, खांद्यांवर तांबूस डाग येतात. रेड नॉट खालून विटकरी व्हायला लागतो. एप्रिलमध्ये गेलात तर ओळख सोपी, पण ऊन लवकर तापतं म्हणून वेळ आणखी अलीकडे ओढावी लागते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती झोपलेल्या पक्ष्यांत. चोच पिसांत खुपसली की ग्रे प्लव्हर आणि ग्रेट नॉट दोघंही करड्या गोळ्यांसारखे दिसतात. अशा वेळी पाय बघा. ग्रे प्लव्हरचे काळपट, नॉटचे हिरवट-करडे. आणि थांबा. पाणी पायाला लागलं की झोपलेला पक्षी दोन पावलं सरकतो, सरकताना चोच बाहेर काढतो. तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो, म्हणून संशय असलेल्या पक्ष्यावरून स्कोप हलवू नका. थवा उडालाच तर ग्रे प्लव्हरच्या पंखाखाली बगलेत काळा ठसठशीत डाग दिसतो आणि शंका मिटते. कॅमेरा असेल तर शटर १/२००० सेकंदावर ठेवून उडणाऱ्या थव्याचे सलग फोटो घ्या, घरी मोठे करून कंबर आणि पंखावरची पट्टी तपासा. बसलेल्या थव्याचेही डावीकडून उजवीकडे तुकड्यातुकड्याने फोटो काढून ठेवावेत. दुर्मीळ पक्षी पुष्कळदा त्यांतच निघतो.

थवा उडाला म्हणून गाडीकडे वळू नका. कुत्रं, घोडागाडी, ससाणा, काहीही कारण असो, भरतीच्या वेळी बसायला दुसरी जागा फारशी नसते, त्यामुळे पक्षी घिरट्या घालून पुन्हा त्याच पट्ट्यात उतरतात. पंधरा-वीस मिनिटं बसून राहा. शिवाय उतरताना थव्याची मांडणी बदलते आणि मघाशी मागे दडलेले पक्षी पुढे येतात. पण फोटोसाठी मुद्दाम उडवणं हे अक्षम्य आहे. ग्रेट नॉट एप्रिलमध्ये ईशान्य सायबेरियाकडे निघायचे असतात, त्यासाठी अंगात चरबी साठवत असतात. वाळूत चोच खुपसून छोटे शिंपले अख्खे गिळायचे आणि पोटात चुरायचे हे त्यांचं खाणं, आणि ते फक्त वाळू उघडी असताना मिळतं. विश्रांतीच्या दोन तासांत चार वेळा उडवलं तर खाल्लेलं त्यातच खर्च होतं. ग्रेट नॉट २०१५ पासून जागतिक लाल यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या काठावरचे चिखलपट्टे भराव टाकून नाहीसे झाले हे त्याचं मोठं कारण. दक्षिण कोरियातला सेमानगुमचा ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये जोडला गेला आणि स्थलांतराच्या वाटेवरचा मोठा थांबा गेला. आपल्या किनाऱ्यावर दिसणारे पक्षी थोडे, म्हणून त्यांच्याशी आपण कसं वागतो याला वजन आहे. २०२४ च्या यादीत ग्रे प्लव्हर, कर्ल्यू सँडपायपर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपरही असुरक्षित गटात गेले. ज्यांना आपण ‘नेहमीचेच’ म्हणून स्कोपमधून पुढे ढकलतो ते हेच.

एक धोका लोक हलक्यात घेतात. खाडीच्या मुखाजवळच्या दांड्यावर सुकतीला चालत जाता येतं. भरती लागली की पाणी समोरून नाही, मागच्या खोलगट भागातून आधी शिरतं. डोळा स्कोपला असतो आणि पाठीमागे परतीची वाट गुडघाभर, मग कमरेभर पाण्याखाली जाते. चढतं पाणी असताना दांड्यावर जाऊच नका, किनाऱ्याच्या बाजूनेच बघा. चिखलाच्या कडेला पाय घोट्यापर्यंत रुतला की थांबायचं, पुढे तो मांडीपर्यंत जातो. पायात पट्ट्याच्या सँडल चालतात. चपला चिखलात राहतात. पाणी दोन लिटर तरी जवळ असू द्या. सुरूची सावली किनाऱ्यापासून लांब पडते.

पूर्ण भरतीनंतरचा तासभर शांत असतो, पक्षी झोपतात. हा वेळ कुरव आणि सुरयांना (टर्न) द्या. सँडविच टर्नची काळी चोच आणि तिच्या टोकाचा पिवळा ठिपका, कॅस्पियन टर्नची जाड लाल चोच, हे सगळे एकाच थव्यात शेजारी बसलेले मिळतात. ऊन वाढलं की आवरा. वाटेत आक्षी गावातला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख बघून घ्या. कालोल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते आणि त्याला दहा मिनिटं पुरतात.

नोंद त्याच दिवशी करा आणि ती पूर्ण यादी असू द्या, म्हणजे दिसलेले सगळे पक्षी, फक्त पाहुणा नव्हे. मोजणी दहाच्या गठ्ठ्याने करावी. दहा पक्षी किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं आणि तेवढे गठ्ठे थव्यावर मोजत जायचं. पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा, आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, हे चारही लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. दुर्मीळ नोंदीला ईबर्ड स्पष्टीकरण मागतं. तिथे ‘स्पष्ट दिसला’ लिहून उपयोग नाही. असं लिहा: ‘७.५० वाजता, पाणी चढतं, बार-टेल्ड गॉडविटच्या थव्याच्या कडेला एक, अंतर साधारण ७० मीटर. शेजारच्या ग्रे प्लव्हरपेक्षा किंचित लहान. चोच डोक्यापेक्षा लांब, टोकाला कललेली. छातीवर गडद ठिपके, काही कुशीवर. उडताना शेपटीच्या वर पांढुरकं. रेड नॉट वगळला तो चोचीची लांबी आणि ठिपके यांवरून.’ फोटो नसला तरी अशा नोंदीवर तपासणाऱ्याला निर्णय घेता येतो, आणि पुढच्या माणसाला नेमकं कुठे आणि कुठल्या पाण्याला बसायचं ते कळतं.